दाबलेला माल

आपल्या कपाटात कपडे कमी आणि हवाच जास्त असते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर स्वेटर म्हणजे लोकर, अशी माझी भाबडी समजूत होती. ती दूर केली आमच्या विमा कचेरीतल्या टूरवाल्यानं. हा गृहस्थ वर्षातून एकदा फिरायला जातो आणि उरलेलं वर्ष त्याबद्दल बोलतो. एके दिवशी त्यानं टेबलावर एक चौकोनी कापडी पिशवी ठेवली, अंगातला स्वेटर काढून तिच्यात कोंबला, एक झिप लावली आणि मग कडेकडेनं फिरणारी दुसरी झिप सावकाश ओढत आणली. पिशवीतून एक लांब सुस्कारा निघाला आणि आमच्या डोळ्यांदेखत तो ढोल्या स्वेटर शाळेच्या पुस्तकाएवढा झाला.

"पॅकिंग क्यूब म्हणतात याला," टूरवाला म्हणाला.

मी म्हणालो, "परत कर."

त्यानं परत केलं. पुन्हा तोच सुस्कारा. मी आ वासून बघतच राहिलो. एवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले, ते आता सगळ्यांना झापणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या, तर त्यांनी आपला कोट काढून टूरवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "याचं काय होतं बघू." कोटाचंही पुस्तक झालं. त्या दिवशी आमच्या कचेरीत एकाही गरीब बिचाऱ्याचा विम्याचा दावा पुढं सरकला नाही. संध्याकाळी घरी जाताना मी त्या क्यूबांचा अख्खा संच घेऊन टाकला.

आता म्हणाल, प्रवास कुठला? तर प्रवास माझा नव्हताच, सासऱ्यांचा होता.

माझे सासरे मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सगळं गाव त्यांना 'सर' म्हणतं आणि मीही 'सर'च म्हणतो, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून 'बाबा' हा शब्द घशातच अडकतो. सरांचा ग्रहणाचा तास म्हणे बघण्यासारखा असायचा. टेबलावर दिवा सूर्य, पहिल्या बाकावरची मुलगी पृथ्वी आणि स्वतः सर चंद्र होऊन तिच्याभोवती फिरायचे. आयुष्यभर ते असे फिरले, पण खग्रास सूर्यग्रहण त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. एकदा ढग आडवे आले. एकदा ऐन वेळी गोवर निघाला. आणि एकदा शाळेची तपासणी होती, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्या खिडक्या बंद करून घेतल्या आणि सर त्या अंधारात तपासनिसांना ग्रहण शिकवत राहिले.

तर एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर एक लहानसं गाव होतं आणि यंदाचं खग्रास तिथून दिसणार होतं. सरांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. जेवताना मीठसुद्धा ते स्वतः उठून घेतात, गुडघे दुखत असले तरी. पण त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "जावईबापू, मला घेऊन जाल?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सर, सगळं माझ्यावर सोडा." हे वाक्य माणसानं जपून वापरावं, हे मला आता पटलेलं आहे.

क्यूब घरी आणल्यावर मी बायकोला दुसऱ्या झिपेचा चमत्कार करून दाखवला. ती म्हणाली, "बऱ्या आहेत हो पिशव्या."

"पिशव्या नव्हेत. क्यूब."

सरांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "क्यूब म्हणजे घन. घनाच्या सगळ्या बाजू सारख्या असतात. ही इष्टिकाचिती आहे."

"म्हणजे काय हो बाबा?"

"इष्टिका म्हणजे वीट."

झालं. त्या क्षणापासून आमच्या घरात त्यांना विटा म्हणायला लागले. "अहो, माझी वीट कुठं ठेवलीत?" "ती निळी वीट सरांची आहे." बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं की आमच्याकडे बांधकाम चाललंय. तसं ते चाललंच होतं म्हणा.

आमच्या इमारतीत गुपित म्हणून काही राहत नाही. विटांची बातमी जिन्यानं वर गेली आणि वरून कर्नल खाली आले. कर्नल लष्करात कधीच नव्हते. उभा जन्म कापडाच्या दुकानात गेला त्यांचा. पण मिशा आणि आवाज यांच्यामुळे त्यांना ही पदवी मिळाली आणि त्यांनीही ती परत केली नाही. मी शर्टाची घडी घालत होतो ती बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"घडी? घडी म्हणजे कापडाचा अपमान! गुंडाळा! मी ठाणंच्या ठाणं गुंडाळलीत हो आयुष्यात!"

मी गुंडाळला. त्यांनी तो उलगडून परत गुंडाळायला लावला. असं करता करता माझ्या चांगल्या शर्टाची बासरी झाली, तेव्हा कुठं कर्नलांचं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना गुंडाळण्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांचा आक्षेप मुळावरच होता.

"माणसाप्रमाणे का भरताय? दिवसाप्रमाणे भरा. पहिल्या दिवसाची वीट उघडली की तिघांचेही कपडे हजर. दुसऱ्या दिवसाची उघडली की..." हे त्या इतक्या गोड आवाजात सांगत होत्या की आता दुखणारच, असं मला वाटायला लागलं.

बायको म्हणाली, "दिवस वगैरे काही नाही. माणसाप्रमाणेच. माझ्या कपड्यांत तुमची बनियनं नकोत मला."

मी स्वतः या दोन्हींहून वरच्या पातळीवर विचार करत होतो. सामान भरावं ते गरजेप्रमाणे. तातडीचं, नेहमीचं आणि 'न जाणो'. या शेवटच्या वर्गाचं सामर्थ्य मला तेव्हा ठाऊक नव्हतं. न जाणो थंडी पडली तर? चादरी. न जाणो पाय भिजले तर? आणखी बूट. न जाणो तिथली चादर... म्हणून आणखी एक पांढरी चादर. इस्त्री. दोरी. माझ्या लोकरीच्या लांब चड्ड्या, ज्या गेली कित्येक वर्षं डांबराच्या गोळ्यांत शांत झोपल्या होत्या. आधी 'न जाणो'ची एक वीट होती, मग तिचं कुटुंब झालं.

आणि खरं सांगू? जितकं घालावं तितकं ते मावत होतं! दुसरी झिप फिरली की पुन्हा जागाच जागा. ही जागा मला बघवेना. कर्नलनी ती हेरली आणि आपला गुडघ्यापर्यंतचा जाडजूड ओव्हरकोट आणून दिला. "घेऊन जा. न जाणो." हाच शब्द वापरला त्यांनी! मला गहिवरून आलं. ओव्हरकोटाचीही वीट झाली. तिच्यासमोर मी बराच वेळ बसून होतो. एखाद्यानं डोंगर खिशात घालून दाखवावा, तसं मला वाटत होतं.

याच भरात मी ती गोष्ट केली. सरांनी ग्रहण बघायचे खास चष्मे टपालानं मागवले होते. पुठ्ठ्याचे, काळ्या पडद्याचे. ते आल्यापासून सर शर्टाच्या खिशात बाळगून होते आणि मधूनच काढून बल्बकडे बघून परत ठेवत.

मी म्हणालो, "सर, खिशात चुरगळतील. विटेत द्या. विटेसारखी सुरक्षित जागा नाही."

"कुठल्या विटेत?"

"तातडीच्या."

सरांनी खिशाला हात लावला, थोडं थांबले आणि चष्मे माझ्या हातात ठेवले. तान्हं मूल दुसऱ्याच्या हातात देतात तसे, दोन्ही हातांनी.

त्या वेळी ते तातडीच्याच विटेत गेले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यानंतर डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून एकदा सगळं दिवसाप्रमाणे लागलं, मग बायकोनं ते माणसाप्रमाणे लावलं, आणि मी गुपचूप उठून बराचसा भाग परत गरजेप्रमाणे केला. शेवटी सूटकेस अशी अलगद मिटली की मी टाळी वाजवली. मग उचलायला गेलो.

सूटकेस जागची हलली नाही.

मी दोन्ही हातांनी जोर लावला. मूठ माझ्या हातात आली, सूटकेस जमिनीवरच राहिली. सर लांबून बघत होते. ते म्हणाले, "तुम्ही आकारमान कमी केलंत. वस्तुमान तेवढंच आहे." हवा सगळी गेली होती हो, पण वजन हवेचं नव्हतंच मुळी! नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं आमच्या मोत्याला आता नाकच उरलं नव्हतं. कर्नलनी 'न जाणो'च्या विटांतून ती दोरी काढली आणि सूटकेसला बांधून मूठ करून दिली, वर म्हणाले, "बघा, लागली की नाही?"

स्टेशनवर फलाटाच्या तोंडाशीच सूटकेसची चाकं बसली. मी आणि बायको दोरी ओढतोय, मागून सर छत्रीनं ढकलतायत, अशी आमची वरात बघून तिकीट तपासनीस थांबला. त्यानं एका बोटानं सूटकेस उचलून बघितली आणि बोट चोळत म्हणाला, "हे डब्यात नाही न्यायचं. पार्सल ऑफिसात वजन करून आणा."

पार्सल ऑफिसातला क्लार्क चष्मा कपाळावर ठेवून बसला होता. काट्याकडे बघायला त्यानं तो खाली घेतला.

"काय आहे यात?"

"कपडे."

"कपडे एवढे जड?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. बायकोनं माझ्या कोपराला चिमटाही काढला. पण माणसाला आपल्या विद्येचा अभिमान असतो. मी म्हणालो, "साधे कपडे नव्हेत ते. दाबलेले आहेत." आणि सूटकेस उघडून, एक वीट मोकळी करून, मी त्याला दुसरी झिप फिरवून दाखवली.

काय सांगू, तो क्लार्क उभा राहिला. त्यानं आतल्या दोघांना हाक मारली. मी परत झिप सोडली, परत फिरवली. तो सुस्कारा ऐकून तिघांच्याही तोंडून "ओ हो हो" निघालं. सरकारी कचेरीत असा निर्मळ आनंद मी पूर्वी पाहिलेला नाही. मग तो क्लार्क खाली बसला, खणातून नियमांचं जाड पुस्तक काढलं आणि म्हणाला, "दाबलेलं कापड म्हणजे गाठी."

"गाठी?"

"गाठी प्रवासी सामानात येत नाहीत. मालात येतात. पार्सलच्या डब्यातून जाणार आणि उतरल्यावर मालधक्क्यावर मिळणार."

"अहो, पण या आमच्या चड्ड्या आहेत!"

"चड्ड्यांसाठी नियमात वेगळी सोय नाही," तो म्हणाला. आवाजात खरीखुरी सहानुभूती होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी त्या पुस्तकाकडे बघितलं. कुणीतरी कधीतरी बसून जगातल्या यच्चयावत वस्तूंचा विचार केला होता आणि त्यात आमच्याही चड्ड्या नकळत पकडल्या होत्या. राग येण्याऐवजी मला थक्कच व्हायला झालं. तेवढ्यात शिट्टी झाली, दोन हमालांनी आमची सूटकेस ढकलगाडीवर घातली आणि ती फलाटाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली.

गाडीत बसल्यावर बायको हळूच म्हणाली, "आणि चष्मे?"

सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी नुसताच खिशाला हात लावला आणि काढून घेतला.

सकाळी आम्ही उतरलो तर त्या लहानशा गावाचं स्टेशन माणसांनी फुललेलं. कुणाच्या खांद्यावर दुर्बीण, कुणाच्या गळ्यात कॅमेरा, मुलांच्या डोळ्यांवर आत्तापासूनच काळे चष्मे आणि त्यामुळे ती सगळी एकमेकांवर आपटत होती. आकाश धुऊन काढल्यासारखं स्वच्छ होतं. गावाबाहेरच्या मोठ्या मैदानावर बघायची सोय होती आणि तिकडं जायला बस उभ्या होत्या. सर ताठ चालायला लागले. गुडघे आहेत हे ते विसरले असावेत.

बसच्या दाराशी स्वयंसेवकाची फीत लावलेली एक बाई होती. "चष्मे दाखवा आणि चढा."

"चष्मे सामानात आहेत," मी म्हणालो. "आम्ही तिथं..."

"चष्म्याशिवाय कुणालाही मैदानात सोडायचं नाही, असा नियम आहे. डोळ्यांचा प्रश्न आहे काका."

मी वाद घालणार होतो, पण सरच म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." आणि ते वळून रुळांपलीकडच्या मालधक्क्याकडे निघालेसुद्धा.

मालधक्का म्हणजे एक भलीमोठी जुनी पत्र्याची शेड. आत अंधूक, थंडगार, पोत्यांचा वास. एका टोकाला टेबल आणि टेबलामागे एक भारदस्त बाई चहा पीत होत्या. बाकी सगळा गाव ग्रहणाला गेला होता. "मला नाही मिळाली सुट्टी," त्या आपणहून म्हणाल्या. "माल काय ग्रहण बघून थांबतो का?" त्यांनी आमचा कागद वाचला. "गाठी. कापडाच्या. बरं. एक गाठ फोडून बघावी लागेल."

"अहो बाई, आम्हाला बस गाठायची आहे. नुसते चष्मे काढून घेतो, बाकीचं सावकाश..."

"गाठ फोडल्याशिवाय माल हाती देता येत नाही."

त्यांनी सूटकेसमधली सगळ्यात जाड वीट निवडली आणि झिपेला हात घातला. ती झिप इतके तास दम धरून बसली होती. तिचा दम सुटला. फट्ट असा आवाज झाला, आणि कर्नलांचा ओव्हरकोट टेबलावर एखाद्या माणसासारखा उठून बसला. बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. शेजारच्या विटांवरचा दाब गेल्यामुळे की काय कोण जाणे, पण त्यांनीही धीर सोडला. आम्ही तिघं मग चष्म्यांसाठी तुटून पडलो. पहिल्या दिवसाच्या विटेत माझे मोजे आणि सरांची पुस्तकं. सरांच्या निळ्या विटेत बायकोचे स्वेटर. तातडीच्या विटेत इस्त्री. आम्ही काढत होतो आणि ते येतच होतं. पोत्यांवर शर्ट, काट्यावर टॉवेल, जमिनीवर पांढऱ्या चादरी, आणि वजनांच्या कप्प्यावर माझ्या लांब चड्ड्या दोन्ही पाय पसरून. एवढं सगळं एका सूटकेसमध्ये होतं, यावर माझाच विश्वास बसेना.

चष्मे नव्हते.

लांबून बसचा हॉर्न ऐकू आला. एकदा, दोनदा. मग इंजिनाचा आवाज दूर दूर जात बंद झाला.

"अहो," बायको म्हणाली. एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं मला हजार तऱ्हांनी 'अहो' म्हटलंय, पण हे 'अहो' मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. सर एका रिकाम्या खोक्यावर जाऊन बसले होते. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते आपल्या हातांकडे बघत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. सगळं माझ्यावर सोडा म्हणालो होतो मी. त्यांनी सोडलं होतं.

सर अचानक म्हणाले, "ती चादर हलवू नकोस."

बायको चादर उचलायला वाकली होती, ती तशीच थांबली.

सर उठले. हळूहळू चादरीजवळ गेले आणि गुडघे टेकून बसले, ज्या गुडघ्यांनी ते पलंगावरून उठताना कण्हतात त्याच गुडघ्यांवर. पांढऱ्या चादरीवर उजेडाचे गोल ठिपके पडले होते. शेडचा पत्रा जुना होता, खिळ्यांच्या भोकांनी भरलेला. आम्ही आत आलो तेव्हा हे ठिपके जमिनीवर असतीलही, पण मातीवर कोण बघतो? आता ते पांढऱ्यावर पडले होते. आणि प्रत्येक ठिपक्याचा एका बाजूनं लचका तोडलेला होता.

"सुरू झालंय," सर कुजबुजले.

मी वाकून बघितलं. चादरीवर, शर्टांवर, टॉवेलांवर, ओव्हरकोटाच्या खांद्यावर, सगळीकडे सूर्य सांडले होते. शेकडो लहान लहान सूर्य, आणि सगळ्यांना एकाच वेळी ग्रहण लागलेलं.

"प्रत्येक भोक म्हणजे एक डोळा आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज मोठा झाला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "ते सूर्याचं चित्र काढतं. उलटं, पण खरं. जावईबापू, ते सगळं पसरा! जेवढं पांढरं आहे तेवढं पसरा!"

आम्ही पसरलं. इतके दिवस जे दाबत होतो ते आम्ही धावत धावत उलगडत होतो. कर्नलनी बासऱ्या केलेले शर्ट मी झटकून मोकळे केले. बाईंनी चहाचा कप ठेवला आणि आपल्या टेबलावरचे कोरे कागदही आणून जमिनीवर मांडले. बायकोनं माझ्या लांब चड्ड्या वजनांच्या कप्प्यावरून काढून मधोमध ताणून अंथरल्या. त्या पांढऱ्याशुभ्र असल्यामुळे त्यांच्यावर सगळ्यात स्वच्छ सूर्य पडत होते. परक्या बाईसमोर आपल्या चड्ड्या अशा अंथरल्या गेल्याचं मला एरवी काय वाटलं असतं! पण त्या क्षणी मीही त्यांच्याशेजारी ओणवा होऊन बघत होतो. बघता बघता सूर्य बारीक होत गेले. अर्धे झाले. मग त्यांच्या चंद्रासारख्या कोरी झाल्या, नखाएवढ्या. बाईंनी एका कोरीवर तळहात धरला, तर ती त्यांच्या तळहातावर आली. त्या कुणाशीच नाही, नुसतंच म्हणाल्या, "अगंबाई."

"आता बाहेर," सर म्हणाले. "पाठ सूर्याकडे. मी सांगेपर्यंत कुणी वर बघायचं नाही. ज्यानं बघितलं त्याला वर्गाबाहेर काढीन!"

आम्ही चौघं शेडबाहेर सूर्याकडे पाठ करून ओळीनं उभे राहिलो. उजेड होता, पण उन्हाचा वाटेना. कुणीतरी दिवसावर पातळ राख टाकावी तसा. आमच्या सावल्यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या झाल्या होत्या, केसन् केस दिसत होता. गार वारा आला. रुळांवरचे पक्षी गडबडीनं झाडाकडे गेले. स्टेशनचा दिवा आपोआप लागला. आणि मग समोरच्या टेकड्यांवरून काहीतरी आमच्याकडे धावत आलं. त्याला आवाज नव्हता. अंधार इतक्या वेगानं येतो हे मला माहीत नव्हतं. तो शेतं गिळत, रूळ गिळत आला आणि आमच्या अंगावरून गेला.

"आता!" सर ओरडले. "आता बघा!"

मी वळलो.

मी विम्याच्या कचेरीत काम करतो. मला शब्द माहीत आहेत ते हप्ते, दावे आणि वारसदार यांच्याबद्दलचे. सूर्य जिथं होता तिथं एक काळा गोल होता, इतका काळा की तो आभाळाला पडलेलं भोक वाटत होता, आणि त्याच्याभोवती पांढरी, रेशमासारखी, कुठंही न हलणारी प्रभा होती. बाजूला भर सकाळी एक तेजस्वी तारा. आणि क्षितिजावर चारही बाजूंनी संध्याकाळ झाली होती, जिकडं वळावं तिकडं तांबडी. मैदानाच्या दिशेनं हजारो माणसांचा एकच आवाज आला, ओरडणं नव्हे, रडणंही नव्हे. माझा हात कुणीतरी घट्ट धरला होता. नंतर कळलं, त्या मालधक्क्यावरच्या बाई होत्या.

सर मान वर करून, तोंड उघडं ठेवून उभे होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते त्यांना माहीत नसावं.

मग काळ्या गोलाच्या कडेला एक ठिणगी पेटली.

"बाबा," बायको हळूच म्हणाली, "मान खाली."

त्यांनी ऐकलं नाही. तिनं आपला तळहात त्यांच्या डोळ्यांवर धरला, आणि ते लहान मुलासारखे तसेच उभे राहिले. सकाळ पुन्हा झाली. कुठंतरी एक कोंबडा गोंधळून दुसऱ्यांदा आरवला.

आम्ही शेडमध्ये परतलो तेव्हा कुणालाच काही उचलावंसं वाटेना. कपड्यांवर आता उलट्या बाजूच्या कोरी भरत चालल्या होत्या. बाईंनी ओव्हरकोट टेबलावरून बाजूला करायला उचलला, तर त्याच्या खिशातून चष्मे पडले. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून मीच ठेवले असणार. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. उरलेलं ग्रहण आम्ही आळीपाळीनं चष्म्यांतून बघितलं, बाईंनीही, आणि मग त्या डोळे पुसत सरांना म्हणाल्या, "सर, हे नक्की काय झालं हो? मला जरा समजावून सांगा ना."

सरांनी सवयीनं हात वर केला. चंद्र व्हायला निघाले असावेत. तोंड उघडलं, आणि मग हात हळूहळू खाली आला.

"बघितलंत ना?" ते म्हणाले.

"हो."

"मग झालं."

मी कपड्यांच्या ढिगात बसून विटांची तोंडं शोधत होतो. सर माझ्याशेजारी येऊन बसले, एक मोजा उचलला, न्याहाळला आणि माझ्या हातात दिला.

"जावईबापू," ते म्हणाले, "पासपोर्ट काढायला काय काय लागतं?"

"पासपोर्ट? कशाला सर?"

"पुढचं समुद्रापलीकडं आहे. थोडं लांब पडेल."

मी बायकोकडे बघितलं. ती पांढरी चादर झटकत होती, ती हातातच धरून थांबली. तिनं वडिलांकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "तिकडं थंडी असते का हो?"